नागुबाईच्या गोठ्यातली पंगत

मागच्या दिवाळीनंतर चिकोडीच्या बाजारात एक बातमी फिरत होती, की निपाणीकडच्या एका वाडीत म्हशीला ऑक्सिजन लावलाय. बातमी खोटी होती. तरी ती तिथवर पोचवण्यात माझा थोडा हात होता, हे आधीच कबूल करतो. मी एका पानवाल्याला एवढंच म्हणालो होतो, की आमच्या शेजारच्या नागुबाईच्या चंद्रीच्या नाकाशी नळी आहे आणि गळ्यात डबा आहे. ऑक्सिजन बाजारानं घातला. दुसऱ्या दिवशी चार माणसं मोटारसायकलवरून म्हशीची तब्येत विचारायला आली, तेव्हा नागुबाईनं त्यांना चहा पाजला आणि माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "आजारी म्हस तिकडं हाय. तिच्या तोंडाला काय लावता आलं तर बघा."

अशी ही नागुबाई. वय साठ आणि सत्तरच्या मधे कुठेतरी. नक्की विचारायला जाल तर ती तुमचंच वय काढून दाखवते. नवरा रवळू जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा विनोद बेळगावात कारखान्यात नोकरीला, पिरनवाडीत भाड्यानं राहतो. दर महिन्याला येतो, "आई, म्हशी काढून टाक आणि चल," म्हणतो. नागुबाई त्याला जेवू घालते, बाटलीभर दूध पिशवीत ठेवते आणि लाल बसला बसवून देते.

म्हशी चार. चंद्री, काशी, बिजली आणि बाळी. ही नावं घेताना तिचा आवाज जेवढा मऊ होतो तेवढा रवळूशी बोलताना कधी झाला नव्हता. आमची भिंत एकच आहे, मी ऐकलेलं आहे.

तिच्या गोठ्याचा एक कायदा आहे. चारही म्हशींची आंबोणाची घमेली एकदम कालवायची आणि एकदमच पुढ्यात ठेवायची. आंबोण म्हणजे भिजवलेली पेंड आणि भुसा. एकीला आधी, दुसरीला मागाहून, असलं चालत नाही. हे तिनं माहेराहून आणलं. माहेर काकतीचं, आणि बाप गावजेवणातला वाढपी. पंगतीत एकाच्या पानावर तूप आणि शेजारच्याला नुसता भात, हे त्यानं जन्मात होऊ दिलं नाही. एकदा म्हणे पाटलाच्या पानात चुकून दुसरा लाडू पडला, तर त्यानं अख्ख्या पंगतीला दुसरा लाडू फिरवला. मागून बसलेल्या पंगतीला लाडू पुरलेच नाहीत. लोक चिडले, पण भेदभाव केला असं कुणी म्हणू शकलं नाही. नागुबाई ही गोष्ट सांगते तेव्हा तिला त्यात काही हसण्यासारखं वाटत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या शब्दाची. आमच्या वाडीच्या डेअरीत दूध घेणारा माणूस सगळ्यांचं दूध तपासून घेतो, नागुबाईची चरवी आली की नुसतं माप बघतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या महादेवच्या दुधात पाणी निघालं. महादेव "म्हस आजारी हाय, हवा बदलली हाय" असं काहीबाही सांगत होता. नागुबाई मागं उभी होती. भरल्या लोकांत म्हणाली, "महादेवा, म्हस पिती तेवढं पाणी बास हाय. तू आणि वेगळं पाजू नगंस." तेव्हापासून महादेव ती समोरून आली की रस्ता बदलायचा. वाडीत रस्ते दोनच, त्यामुळे बिचाऱ्याची फार पायपीट झाली.

तर अशा ठिकाणी एका सकाळी स्कूटीवरून नीलम आली. बेळगावच्या शहापूरची मुलगी, घरी वडिलांचा साड्यांचा माग. ही मात्र शिकत शिकत जनावरांच्या खाद्याच्या संशोधनापर्यंत गेली आणि एका संशोधन केंद्रात लागली. डेअरीच्या कट्ट्यावर तिनं सगळ्यांना जमवलं आणि सांगायला सुरुवात केली, की म्हशीच्या पोटात वैरण आंबते, आंबवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, त्यातले काही मिथेन नावाचा वायू करतात, आणि म्हैस तो बाहेर सोडते.

मागून महादेव म्हणाला, "मागनं व्हय?"

कट्टा हसून लोळायला लागला. पोरगी लाल झाली, पण डगमगली नाही. "न्हाय काका. मागनं अगदी थोडा. बाकीचा तोंडातनं, ढेकरेतनं. गाडीच्या धुरातल्या वायूपेक्षा ह्यो लई जास्त ऊन धरून ठेवतोय. देशात म्हशी किती, गाई किती, बघा की. आणि दुसरं असं, की तो वायू म्हंजे तुमच्याच वैरणीतला कस. दुधात जायच्या ऐवजी हवेत जातोय."

इथं नागुबाई पहिल्यांदा बोलली. "म्हंजे मी डोक्यावरनं उसाचं वाडं वाहून आणायचं, आणि हिनं त्यातलं ढेकर देऊन उडवायचं?"

"व्हय मावशी, थोडं."

"मला इतकी वर्षं कुणी सांगितलं न्हाय." जणू चारही म्हशींनी मिळून तिला फसवलं होतं. "उपाय काय हाय?"

उपाय होता चिंचोक्याच्या टरफलांची भुकटी. त्यात तुरटपणा असतो, त्यानं ते वायू करणारे जीव थंडावतात, असा केंद्राचा अंदाज. केंद्रातल्या गोठ्यात तो बरा उतरला होता. आता लोकांच्या गोठ्यात, लोकांच्या वैरणीवर उतरतो का ते बघायचं होतं. तीन घरं निवडली. नागुबाई, महादेव आणि खालच्या आळीची अंबूबाई. प्रत्येक घरी चार अशा बारा म्हशी. प्रत्येक घरात दोघींना रोज एकेक पाकीट भुकटी, दोघींना काहीच नाही. नागुबाईकडे चंद्री आणि काशीला भुकटी, बिजली आणि बाळी कोरड्या. मग फरक बघायचा.

"नीट ऐक मावशी," नीलम म्हणाली, "बिजली आणि बाळीला एक चिमूटसुद्धा न्हाय."

"ऐकलं," नागुबाई म्हणाली.

आता ढेकर मोजायचा कसा, हे मलाही कोडं होतं, म्हणून मी पहिल्या दिवशी भिंतीवरून मान काढून सगळं बघितलं. म्हशीच्या तोंडाला म्होरकी, म्होरकीवरून नाकपुडीपाशी केसासारखी बारीक नळी, आणि गळ्यात हवा काढून घेतलेला डबा. तो डबा दिवसभर म्हशीचा श्वास थोडा थोडा ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी डबा काढून केंद्रात तपासायचा. भुकटी सुरू करण्याआधी एकदा, मग दर पंधरा दिवसांनी. काशीनं पहिलाच डबा गव्हाणीवर आपटून चेपवला. बिजलीनं नीलमच्या ओढणीची चव घेतली. नागुबाई प्रत्येकीच्या कानाशी जाऊन काय पुटपुटली कोण जाणे, तिसऱ्या खेपेला चौघी डबे घालून अशा उभ्या राहिल्या जशा लग्नातल्या करवल्या. डब्यानं मानेला घट्टा पडेल म्हणून तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची गादी शिवून दिली. नीलमनं ती केंद्रात दाखवली, तर तिथं सगळ्याच डब्यांना तशी गादी झाली.

अडीच महिने असे गेले. नीलम पंधरा दिवसांनी यायची, विचारायची, "पाकिटं संपली, मावशी?" नागुबाई म्हणायची, "संपली." मग दोघी चहा प्यायच्या आणि माझी निंदा करायच्या.

जानेवारीतल्या एका मंगळवारी नीलम आली ती पालथ्या घमेल्यावर बसली आणि उठेचना. चेहरा उतरलेला. मी भिंतीपलीकडे होतोच.

"दोन घरांत फरक दिसतोय, मावशी. तुझ्या घरात न्हाय. भुकटीवाल्या आणि बिनभुकटीवाल्या, चौघी सारख्याच. माझंच कायतरी चुकलंय. नळी गळत असंल, न्हायतर डबे मी नीट बंद केले न्हाईत."

"तुझं कसं चुकंल?"

"मग कुणाचं? शुक्रवारी साहेब येणार हाईत. मोजमाप मी नीट करत न्हाय असं त्यांना वाटलं तर चाचणी इथंच बंद. दोन वर्षं झाली ह्याच्या मागं लागून. सगळं पुसून जाईल."

नागुबाईनं कपबशा पुढं ओढल्या. चहा ओतला तो निम्मा बशीबाहेर गेला. या बाईच्या हातून दुधाचा थेंब कधी सांडलेला मी पाहिला नव्हता.

नीलमची स्कूटी वळणापलीकडे गेली, आणि ही माझ्या दारात.

"अण्णा, हाईस का आत?"

"हाय की. ये."

ती उंबऱ्यावरच बसली. "मी भुकटी चौघींत वाटली."

मी आडकित्ता खाली ठेवला. "कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं. दोन पाकिटं, चार घमेली. निम्मं निम्मं."

"आणि त्या पोरीला सांगितलं न्हाईस?"

"तिनं पाकिटं संपली का इचारलं. संपलीच हुती."

"अगं पण तिनं बजावून सांगितलं हुतं की तुला!"

"सांगितलं हुतं. पयल्या दिवशी तसंच करायला घेतलं मी. चंद्रीच्या घमेल्यात भुकटी पडली तसा चिंचेचा वास सुटला. बाळीनं मान लांब केली. वरडली न्हाय, दावं ओढलं न्हाय. नुसती बघत राहिली, अण्णा. तिच्या पुढ्यात निस्तं आंबोण. मी कसं वाढू? माझा हात फिरंना."

आता इथं माझी लाज निघणार आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी म्हणालो, "गप बस. आजपासनं बरोबर दे. पुढच्या टायमाला आकडे आपोआप सुधारतील. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"शुक्रवारी महादेव हजर असणार. तीन वर्षं तो ह्याच दिवसाची वाट बघतोय. भरल्या कट्ट्यावर तू उठून सांगणार, की नागुबाईनं फसवलं? डेअरीवाला उद्यापासनं तुझी चरवी पण तपासून घेईल."

"घेऊ दे," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. मग उठून गेली.

पुढचे तीन दिवस मी ही बातमी पोटात ठेवली. वाचकहो, तुम्हाला याची किंमत कळायची नाही. आमच्या सौभाग्यवती रुक्माबाईंनी दोनदा ओवा आणून दिला. "तोंड असं का झालंय? पोट फुगलंय काय?" फुगलंच होतं. म्हशीला निदान ढेकर देता येतो.

शुक्रवारी दुपारी कट्टा भरला. साहेब आले. धारवाडकडचे, मराठी बोलायचे पण कानडीच्या चालीवर. माणूस वाईट नव्हता, पण कागद बघताना भुवया वर जायच्या त्या खाली यायच्या नाहीत. एका कोपऱ्यात महादेव, मिशीवरून हात फिरवत. नागुबाई बायकांच्या घोळक्यात, चांगलं इरकलीचं लुगडं नेसून. गुन्हा कबूल करायलाही तिनं चांगलं लुगडं काढलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

नागुबाईच्या कागदावर बोट ठेवून साहेब म्हणाले, "नीलम, ह्या घरचा लेक्क, हिशेब, जमत नाही. एक तर भुकटी काम करत नाही, नाही तर तुमचं मोजणं सरी नाही, बरोबर नाही. दोन्हीतलं कुठलं?"

नीलम उभी राहिली. "सर, मला वाटतंय नमुने घेताना माझीच..."

"तिची चूक न्हाय," नागुबाई म्हणाली.

बसल्या जागेवरून नव्हे. उठून, चार पावलं पुढं येऊन, साहेबांच्या टेबलापाशी. "मी केलंय. दोघींची भुकटी चौघींस्नी घातली. रोज. पोरीनं नगं म्हणून सांगितलं हुतं, तरी घातली. आणि अडीच महिने तिला सांगितलं न्हाय. ती आपल्या डब्यास्नी दोष देत बसली आणि मी चहा ओतत बसलो."

आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषासारखं बोलतात. त्या दिवशी ते तिला शोभलं.

नीलमचे डोळे भरलेले, पण ती नागुबाईकडे बघत होती ते रागानं की कशानं, ते मला कळलं नाही. बाकी सगळ्यांच्या माना मात्र हळूहळू एकाच दिशेला वळल्या. महादेवकडे. आणि महादेव उठला.

मी डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, मिटले.

"साहेब," महादेव म्हणाला, "माझं पण लिहून घ्या. मी साडूच्या पोरीच्या लग्नाला हुक्केरीला गेलतो. सा दिवस. म्हशीस्नी भुकटी मिळाली न्हाय. हिशेब जुळावा म्हणून परत आल्यावर पाकिटं चुलीत घातली."

"माझे पण दोन दिवस," खालच्या आळीची अंबूबाई घोळक्यातून म्हणाली. "ताप आलता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यल्ला होयतु," ते कानडीत पुटपुटले. सगळंच गेलं म्हणाले.

"गेलं कसं?" नागुबाई म्हणाली. "माझ्या घरचं भिंतीवर हाय की."

सगळा कट्टा तिच्या गोठ्यात. तिला लिहिता येत नाही, हे सगळ्यांना माहीत. ती चुन्याचं बोट भिंतीवर ओढते, हेही सगळ्यांना माहीत. कुठली म्हैस कधी माजावर आली, कधी व्याली, कधी आटली, सगळं त्या भिंतीवर असतं. बघून बघून कुणाला दिसत नव्हतं. आता तिनं हात लावून दाखवलं. म्हशीमागे एक ओळ. दिवसामागे एक बोट. अख्खं बोट नव्हे, निम्मंच, कारण भुकटी निम्मी. काशीच्या ओळीत चार दिवस कोरे होते. "तवा तिनं घमेल्याला तोंडच लावलं न्हाय. बाकीच्या तिघींस्नी पण मग तेवढीच घातली, तिचा वाटा तसाच ठेवून नंतर तिलाच दिला. हे बघ, हितं अख्खी बोटं हाईत."

नीलम भिंतीपाशी उकिडवी बसली. वडिलांच्या मागाशेजारी चौकटींच्या कागदावर काठाची नक्षी वाचतच ती मोठी झालेली. अक्षरांच्या आधी तिला ती वाचता येत होती. एकेक ओळ बोटानं मोजत ती वहीत उतरवत गेली. मग पहिल्या दिवसाचे, भुकटी सुरू व्हायच्या आधीचे आकडे काढले. शेवटच्या डब्यांच्या आकड्यांशी लावले. पुन्हा लावले.

"सर," ती म्हणाली, "चौघींचा पण वायू कमी झालाय. पुऱ्या भुकटीवाल्यांइतका न्हाय. पण आधीपेक्षा कमी. चौघींचा."

साहेब खाली वाकले. बराच वेळ दोघं वहीत डोकं घालून बसले. शेवटी साहेब उठले, आणि म्हणाले, "ह्याला पुरावा म्हणता येत नाही. हवा बदलली, वैरण बदलली, कशानं पण होऊ शकतं. पण निम्म्या भुकटीचं बघायचं आम्ही पुढच्या वर्षी ठरवलं होतं. ह्या आज्जींनी न विचारता आधीच सुरू केलं." भुवया पहिल्यांदा खाली आल्या. "चाचणी बंद नाही. पण पहिल्यापासून. तीन महिने. आणि ह्या वेळी नियमानं. जमतं?"

सगळ्यांनी नागुबाईकडे बघितलं. दुसरी कुणी असती तर सुटले म्हणून हात जोडून हो म्हणाली असती.

"न्हाय जमायचं," ती म्हणाली.

"मावशी!" नीलम किंचाळलीच.

"खोटं कशाला बोलू? आज हो म्हणीन आणि बाळीनं मान लांब केली की पुन्हा वाटीन. माझ्या हातानं पंगत मोडत न्हाय. तुम्ही असं करा. जिला भुकटी न्हाय, तिला पण कायतरी द्या. रंग तसाच, वास तसाच. मला पण सांगू नगा कुठलं काय हाय. मग मी चौघींस्नी एकसारखं वाढतो, आणि तुमचं पण काम हुतंय."

साहेबांनी नीलमकडे बघितलं. नीलमनं हसू आवरायला ओढणी तोंडाला लावली.

"मावशी, माणसांची नवी औषधं अशीच तपासतात. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती गोळी. कुणाला काय ते कुणालाच सांगत न्हाईत. आम्ही पण तसं करायचं बोललो हुतो, पण घराघरांत कोण सांभाळणार म्हणून सोडून दिलं."

"मग आता सांभाळा," नागुबाई म्हणाली आणि म्हशींना पाणी दाखवायला वळली. तिच्या लेखी विषय संपला होता.

तेव्हापासून आमच्याकडे दोन तऱ्हेची पाकिटं येतात. एकात चिंचोक्याची भुकटी, दुसऱ्यात भाजलेला गव्हाचा कोंडा, त्याला वासापुरतं चिंचेचं पाणी लावून वाळवलेला. बांधलेली दोन्ही नीलमच्या वडिलांच्या मागावरच्या सुतानं, एक तांबड्या, एक हिरव्या. कुठलं कशाचं, ते साहेबांच्या कपाटातल्या कागदावर आहे. नागुबाईनं प्रत्येकीच्या ओळीपुढं भिंतीवर त्या त्या रंगाचा सुताचा तुकडा चिकटवून ठेवलाय, आणि रोज अख्खं बोट ओढते.

डेअरीवाल्याचं राहिलंच. कबुलीच्या दुसऱ्या दिवशी नागुबाईनं चरवी टेकवली आणि स्वतःच म्हणाली, "तपास." त्यानं नुसतं माप बघितलं. "तपास म्हणतो न्हवं?" मग त्यानं तपासलं, तिच्या समाधानासाठी.

महादेव आता रस्ता बदलत नाही. परवा गोठ्यावरून चालला होता तेव्हा नागुबाईनं हाक मारली, "महादेवा, ह्या बारीला पाकिटं चुलीत घालू नगंस रं."

"न्हाय घालत," तो म्हणाला. "तू वाटू नगंस म्हंजे झालं, आक्का."

मी मात्र अजून प्रयत्नात आहे. दोन्ही पाकिटांचा वास घेऊन बघितला, फरक कळला नाही. जिभेला लावून बघितलं, रुक्माबाईंनी बघितलं आणि पुढचं विचारू नका. नीलमला तर तीनदा विचारलं, तांबडं की हिरवं?

"मला पण ठाऊक न्हाय काका," ती म्हणते, "आणि असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. दुपारपर्यंत चिकोडीच्या बाजारात कळलं असतं."

सकाळी भिंतीवरून बघतो. चार घमेली एकदम खाली टेकतात, चार तोंडं एकदम आत जातात. बाळी आता मान लांब करत नाही. तिच्याही पुढ्यातून चिंचेचा वास येतो.